अर्ध्यावरून सुरू करा

दसरा चौक मागं पडला, बस लक्ष्मीपुरीकडं वळली, तसा गाईडनं माईक पुन्हा तोंडाशी धरला. "आता आपण बाजारात उतरणार आहोत. कोल्हापुरी चप्पल तुम्हाला माहीत आहेच. २०२५ च्या जूनमध्ये हीच चप्पल मिलानच्या रॅम्पवर झळकली. तिकडं जोडाला लाखभर रुपये सांगत होते. अभिमान वाटतो की नाही?" बसमधल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. "आणि एक लक्षात ठेवा. चप्पल लाईनीत दुकानदार जो आकडा सांगेल, त्याच्या अर्ध्यावरून सुरू करायचं. अजिबात लाजायचं नाही." त्यालाही टाळ्या पडल्या. दोन्ही वाक्यं एका दमात, एकाच सुरात आली आणि कुणालाच काही खटकलं नाही. मला खटकलं, आणि नंतर बरेच दिवस खटकत राहिलं.

मी त्या बसमध्ये होते ती मावशींसाठी. माझ्या मावससासूबाई अमरावतीहून भिशीच्या मैत्रिणींना घेऊन अंबाबाईच्या दर्शनाला आल्या होत्या. 'तू सोबत असलीस की बरं' म्हणाल्या, म्हणून गेले. जन्म मंगळवार पेठेतला, शाळा-कॉलेज इथलंच, तेव्हा 'कोल्हापूर दर्शन'च्या बसमध्ये बसायचं कारण आजवर कधी पडलं नव्हतं. गाईड पंचविशीतला, खणखणीत आवाजाचा, अतिशय कामसू मुलगा. पायऱ्यांवर म्हाताऱ्या बायकांना हात द्यायचा, प्रत्येक थांब्यावर डोकी मोजायचा, एकीला चक्कर आल्यासारखं झालं तेव्हा धावत जाऊन लिंबू-सरबत घेऊन आला. माईकवर स्वच्छ प्रमाण मराठी आणि माईक खाली ठेवला की ड्रायव्हरशी "हितनं घे की मर्दा, फुडं गर्दी हाय." मला तो मनापासून आवडला होता. म्हणूनच ते वाक्य जास्त लागलं असावं.

बसच्या उंच खिडकीतून लक्ष्मीपुरी वेगळी दिसते. रस्त्यानं चालताना आपली नजर पायाखाली आणि समोरच्या गाडीवर असते. वरून पाहिलं की दुकानांच्या पाट्यांच्या डोक्यावर अजून टिकून राहिलेले लाकडी सज्जे दिसतात, सज्ज्यात वाळत घातलेले टॉवेल दिसतात, धान्याच्या दुकानापुढं पोत्यांच्या थप्पीवर पाठ टेकून डोळा लागलेला हमाल दिसतो. एका दुकानात नोकर पोत्याची शिवण सोडत होता. योग्य टोक सापडलं की ती सुतळी एका ओढीत सरसर उसवत जाते. लहानपणी वडील कामाला होते त्या दुकानात तेवढ्यासाठी मी पोत्यांपाशी घोटाळत राहायचे. उन्हाळ्यात याच भागात श्वास घेणं मुश्किल होतं. चैत्र-वैशाखात घराघरातलं वर्षाचं तिखट व्हायचं असतं, ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीचे ढीग लागतात, डंकावर कांडप चालू असतं आणि त्या गल्लीतून जाणारा प्रत्येक माणूस शिंकत शिंकत जातो. आत्ता थंडी होती, हवा स्वच्छ होती, आणि गाईड पुढच्या थांब्याबद्दल बोलत होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी या व्यापारी पेठेत घुसलं होतं. भिजून फुगलेलं धान्य दुकानदारांनी फावड्यानं ओढून बाहेर काढलं होतं, आणि पाणी ओसरल्यावरही कितीतरी दिवस त्या आंबलेल्या वासानं इथून जाववत नव्हतं. हे दर्शनात सांगण्यासारखं नाही, मान्य आहे. पाहुण्यांना दोन तासांत सगळं कुठं सांगायचं!

पण 'अर्ध्यावरून सुरू करा' हे त्यानं सांगितलंच ना.

बिंदू चौकाच्या पार्किंगला बस लागली आणि आम्ही चालत निघालो. आधी अंबाबाई, मग बाजार. दर्शनाच्या रांगेत उभी असताना मला वडील आठवत राहिले. ते शाहू मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. गुळाचा हंगाम सुरू झाला की घरी यायचा पत्ता नसायचा, मग आई माझ्याकडं डबा देऊन पाठवायची. यार्डात पाऊल टाकलं की चपलेचा तळ चिकटायला लागायचा. फरशीवर गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, रांगाच्या रांगा, त्यांच्यावर घोंघावणाऱ्या माश्या, आणि ज्याचा माल तो शेतकरी आपल्या रांगेच्या कडेला डोक्याला मफलर गुंडाळून उभा. सौदा सुरू झाला की व्यापाऱ्यांचा घोळका एकेका रांगेपाशी थांबायचा. कुणी रव्याचा टवका काढून उजेडात धरायचं, कुणी बोटानं दाबून पाहायचं, कुणी जिभेवर ठेवायचं. मग आकडे चढायचे, कुठंतरी येऊन थांबायचे आणि घोळका पुढच्या रांगेकडं सरकायचा. एवढ्या सगळ्या आवाजात शेतकरी मात्र गप्प असायचा. गुऱ्हाळावर रात्र रात्र काहिलीपाशी उभा राहून, रसाला भेंडीचं पाणी देऊन, मळी काढून, पाकाची तार बघून नेमक्या क्षणी काहील उतरवायला सांगणारा गुळव्या तर तिथं नसायचाच. त्या क्षणात थोडं पुढं-मागं झालं तर गूळ करपतो, नाहीतर बसत नाही. ही त्याची नजर आकड्यात कुठं धरली जायची, मला कळायचं नाही.

दर मिळायचा तो रंगाला. जितका पिवळाधमक, तितका चढा. म्हणून मग रंग उजळायला रसात हायड्रॉस पावडर घालायची चाल पडली. वडील मात्र घरी आणताना दुकानात कुणी विचारत नसलेला लालसर, काळपट रवा निवडायचे. "ह्यो खऱ्या हाताचा हाय," म्हणायचे. तो फोडताना घरभर जो वास सुटायचा तो पिवळ्याला कधी आला नाही. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापाराला हक्काची पेठ हवी म्हणून. पुढं त्याच गुळानं कोल्हापूरचं नाव देशभर नेलं आणि २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघतात, फोटो छापून येतात, पहिल्या रव्याला चांगला दर मिळतो. मला त्या दिवशीचा नाही, पौषातल्या एखाद्या साध्या मंगळवारचा दर जास्त खरा वाटतो.

दर्शन झाल्यावर बायकांना गुजरी, म्हणजे सोनारांची गल्ली, बघायची होती. गाईडनं साज, हा इथला गळ्यातला दागिना, छान समजावून सांगितला. एकवीस पानड्या, दहांवर विष्णूचे अवतार, आठांवर अष्टमंगल, दोनांत माणिक आणि पाचू आणि उरलेली एक तावीत. पानड्यांच्या मधे लाखेवर चढवलेले बारीक सोन्याचे मणी. त्यानं सांगितलं तसं मलाही कधी नेमकं सांगता आलं नसतं. आणि तिथं कुणी 'अर्ध्यावरून' काही सुरू केलं नाही. करणार कसं? सोन्याचा भाव भिंतीवर लिहिलेला. काट्यावर वजन झालं की गुणाकार करायचा. पण मावशींच्या एका मैत्रिणीनं ठुशी पसंत केली आणि बोलणं बरोब्बर एका जागी येऊन अडलं. "घडणावळ जरा जास्तच लावता तुम्ही." माझ्या लग्नाचा साज घेताना माझी आईही हेच म्हणाली होती, याच गल्लीत, जवळपास याच शब्दांत. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता पहिल्यांदाच मी मान वर करून दुकानाच्या माडीकडं पाहिलं. जिन्याच्या अरुंद चौकटीतून ट्यूबलाईटचा उजेड येत होता. वर कुणीतरी मांडी घालून, मान वाकवून, दिव्याच्या ज्योतीवर फुंकणीनं डाग लावून सांधे जोडत बसलेलं असणार. गुजरीत आता कितीतरी कारागीर बंगालहून आलेले आहेत. खाली चाललेलं बोलणं त्यांच्याबद्दल होतं. सोन्यावर घासाघीस होत नाही, खड्यावर फारशी होत नाही, ती नेहमी हातावर येते.

गुळाच्या यार्डात तेच, गुजरीत तेच. आणि आता आम्ही चप्पल लाईनीत निघालो होतो.

चप्पल लाईनीत शिरताना आधी वास येतो. कमावलेल्या कातड्याचा, त्यात तेलाचा, थोडा बाभळीच्या सालीचा. रेक्झिनच्या जोडांना हा वास नसतो आणि तेवढ्या एका गोष्टीवरून अर्धी पारख होते. गाईड आमच्यापुढं होता, त्याच्या ओळखीच्या दुकानांकडं त्यानं बोट दाखवलं नाही, 'कुठंही घ्या' म्हणाला, हे मला त्याच्याबद्दल मुद्दाम नोंदवायचं आहे. मावशी आणि दोघीजणी एका लहानशा दुकानात शिरल्या. दुकानदार साठीचे, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मावशींनी कापशीचा जोड हातात घेतला. कागल तालुक्यातल्या कापशी गावाच्या नावाचा हा घाट, कानांची घडण भरदार, चालताना करकर वाजणारा. दुकानदारांनी सतराशे सांगितले. मावशींच्या मैत्रिणीनं, शिकवल्याप्रमाणे, साडेआठशे म्हटलं.

ते चिडले नाहीत. त्यांनी जोडातली एक चप्पल घेतली, उलटी केली आणि तळ मावशींच्या समोर धरला. "ह्ये बगा मावशी. ह्यात खिळा न्हाई, दोरा न्हाई. कातड्याचीच वादी काढून तिनंच शिवल्याय." मी वाकून पाहिलं. तळाच्या कडेनं, बोटभर आत, वादीचे टाके एकामागून एक गेले होते. प्रत्येक टाक्यापाशी आरीनं पाडलेलं भोक वादीनं असं भरून गेलं होतं की नखानं चाचपलं तरी जागा लागत नव्हती. एका वळणावर मात्र दोन टाके जरा जवळ आले होते. तिथं हात थांबला असेल, कुणी हाक मारली असेल, किंवा उजेड कमी झाला असेल. मग त्यांनी चप्पल सुलटी करून पट्ट्यावरची वेणी दाखवली. बारीक, दोऱ्यासारख्या कापलेल्या कातड्याची, दोन्ही कडांना अगदी समान. "वेणी बायकाच घालत्यात. घरातलं सगळं आवरून दुपारी बसत्यात." तळाला म्हशीचं जाड कातडं, वरच्या कामाला शेळीचं मऊ, कमावताना बाभळीची साल आणि हिरडा, हे सगळं ते सांगत गेले आणि मावशी ऐकत गेल्या. शेवटी म्हणाले, "साडेआठशेत बी हाय की. देऊ का? ती रेक्झिनची हाय. ती बी कोल्हापुरी म्हणूनच जात्या." आणि मग जरा थांबून, "आमी कातडं आणायला गेलो तर तितं अर्ध्यावरनं सुरू करू देत न्हाई कोण."

मावशींनी मला कोपरानं ढोसलं. "काहून वं, तू इथली नं? सांग नं, बरोबर भाव हाय का?" मी म्हटलं, बरोबर आहे, घ्या. त्यांनी शंभर कमी करून मागितले, दुकानदारांनी पन्नास कमी केले, दोघंही खूश. तेवढी घासाघीस बाजाराचा मान म्हणून असायलाच हवी. माझा आक्षेप तिला नाहीच. अर्ध्यावरून सुरू करणारा माणूस समोरचा लबाड आहे असं धरूनच दुकानाची पायरी चढतो, आणि मग समोरच्यालाही आकडा फुगवूनच सांगावा लागतो. दुकानाचं भाडं ठरलेलं, विजेचं बिल ठरलेलं, कातड्याचा भाव दुसऱ्याच्या हातात. ओढाताण झाली की कमी करता येण्यासारखी एकच रक्कम उरते. ती दुपारी वेणी घालायला बसणाऱ्या बाईची असते. २०१९ मध्ये या चपलेला मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. कलेला राज्याची सीमा नसते हे त्यात छान मान्य झालं. मिलाननंतर गदारोळ झाला, वर्तमानपत्रं रकाने भरून लिहीत राहिली, आपण सगळे दुखावलो. परदेशी कंपनीनं आमच्या कारागिराचं नाव घेतलं नाही म्हणून आपल्याला राग आला आणि तो रास्तच होता. पण तो राग घेऊन आपण चप्पल लाईनीत येतो आणि पहिलं वाक्य कुठलं बोलतो?

बायका खरेदीत रमल्या तेव्हा मी भाऊसिंगजी रोडच्या बाजूला जरा उभी राहिले. या रस्त्याची एक गोष्ट कोल्हापुरात सगळ्यांना माहीत आहे, दर्शनाच्या बसमध्ये मात्र कुणी सांगितली नाही. गंगाराम कांबळे राजवाड्याच्या नोकरीत होते. दलितांना बंदी असलेल्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलं आणि गंगारामना स्वतःचा धंदा काढायला पाठबळ दिलं. त्यांनी याच रस्त्यावर चहाचं हॉटेल काढलं, 'सत्यसुधारक' नावाचं. दलिताच्या हातचा चहा प्यायला गावातलं कोण येणार? तेव्हा महाराज स्वतः तिथं गाडी थांबवायचे, चहा मागवायचे आणि सोबतच्या मंडळींनाही पाजायचे. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला महाराजांचा मोठेपणा दिसायचा. आता त्यातलं गिऱ्हाईक दिसतं. इतके अधिकार असलेला माणूस एका दुकानापाशी थांबतो, पेला हातात घेतो आणि त्यामुळं त्या दुकानाची, ते चालवणाऱ्या माणसाची गावातली जागा बदलते. हुकूम तर त्यांनी कितीतरी काढले, १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा तर इतिहासातच गेला. पण चहा हुकमानं विकला जात नाही. त्यासाठी रोज कुणीतरी येऊन थांबावं लागतं.

परतीच्या वाटेवर बिंदू चौकात बायका उसाचा रस पीत होत्या तेव्हा मी गाईडला बाजूला घेतलं. रागानं नाही. मी त्याला म्हटलं, तू साज इतका सुंदर सांगितलास, मग चपलेचं का नाही सांगत? तो आधी ओशाळला, मग मोकळा झाला. "ताई, तुमी म्हंताय ते पटतंय. पण गेल्या वर्षी एका काकूंना रेक्झिनची चप्पल बावीसशेला लावली कुणीतरी. त्या मला फोन करून बोलल्या की वो. तवापासनं मी सगळ्यांनाच सांगतो, अर्ध्यावरनं सुरू करा. निदान फसणार तर न्हाईत." हे खोटं नव्हतं. तो आपल्या माणसांची काळजीच घेत होता. अस्सल-नक्कल ओळखता येत नसेल तर माणूस आकड्याशीच झगडणार, दुसरं त्याच्या हातात काय असतं? मी विचारलं, "तुला येते ओळखता?" तो म्हणाला, "वासावरनं येत्या. पण शिवण कशी बघायची त्ये आज तुमच्या मावशींना दाखवताना बगितलं, मागं हुबा हुतो मी."

आठवडाभरानं आम्ही दोघं सुभाषनगरात गेलो, माझ्या ओळखीच्या एका कारागिराच्या घरी. पुढच्या खोलीत रापी, आरी, ओलं करून ठेवलेलं कातडं, आणि उंबऱ्यापाशी उजेडात बसून वहिनी वेणी घालत होत्या. पोरानं शेजारी बसून पाहिलं, मग स्वतः करून पाहिली. त्याची वेणी चार-पाच आट्यांत सैल पडली. वहिनींनी ती उसवून परत त्याच्या हातात दिली. "पैला आटा दाबून धर, मग दुसरा घे." त्यानं विचारलं, बसमधली माणसं इथं आणली तर चालतील का. वहिनींनी नवऱ्याकडं पाहिलं आणि अटी घातल्या. एका वेळी पाच-सहाच माणसं. यायचं तर सकाळी, कारण दुपारनंतर उंबऱ्यात ऊन राहत नाही आणि दिव्याखाली वेणी नीट दिसत नाही. फोटो चालतील, पण पोरांचे नकोत. आणि इथं भाव विचारायचा नाही, इथं नुसतं बघायचं, भाव दुकानात.

सगळ्या अटी त्यानं मोबाईलमध्ये लिहून घेतल्या. परत येताना दर्शनाच्या वेळापत्रकात वीस मिनिटं कुठून काढायची यावर आमचं बोलणं चाललं होतं. त्याचं म्हणणं, रंकाळ्यावरची कमी करू. मी म्हटलं, पॅलेसमधली कर हवी तर, रंकाळ्याला हात लावू नकोस.